पंचवीस फेऱ्या आणि एक घंटा

कंडक्टरबाईंना कुणी ‘जरा हळू बोला’ म्हटलं की त्यांचा आवाज हमखास एक पट्टी वर चढायचा. एकतीस वर्षं बसमध्ये काढल्यावर घसा असाच होतो. पुढच्या दाराशी उभं राहून मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला त्याचा थांबा आल्याचं कळवायचं, तेही इंजिनाची घरघर, रडणारं पोर आणि कुणाचं तरी भांडण या सगळ्यावरून, म्हणजे खायचं काम नव्हे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात त्या मीठ मागायच्या तेव्हा शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राहायची.

त्यांचा नवरा त्याच बसवर ड्रायव्हर. बाईंनी दोरी ओढायची, घंटा वाजायची आणि त्यांनी गाडी हलवायची, हा नियम लग्नाच्या आधीपासूनचा. लग्न त्याच मार्गावर जमलं आणि नियम तसाच घरात आला. ‘हिने घंटा दिल्याशिवाय मी जागचा हलत नाही,’ असं ड्रायव्हरभाऊ पाहुण्यांना हसून सांगत आणि पाहुण्यांना ते विनोदानं बोलताहेत असं वाटे.

बसच्या कपाळावर तेव्हा कापडाची गुंडाळी असायची. दोन रुळांवर लांबलचक काळं कापड, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक थांब्यांची नावं. आतून दांडा फिरवला की पुढचं नाव वर यायचं. दुपारच्या रिकाम्या खेपेला पुढच्या थांब्यावर उतरणारं कुणी नसलं, वर थांब्यावरही कुणी उभं नसलं, तर बाई दांडा एकदम दोनदा फिरवायच्या आणि म्हणायच्या, “उतारू नाही, थांबा नाही.” ड्रायव्हरभाऊ गाडी सरळ पुढे काढायचे. ही सवय हातात इतकी मुरली होती की तिच्यासाठी डोक्याला त्रास द्यावा लागत नसे. पुढे तीच सवय अंगाशी आली.

धावण्याच्या मैदानावर बाईंना आणलं त्यांच्या नणंदेनं. नणंद तरुणपणी बायकांची पंचवीस फेऱ्यांची शर्यत पळायची. सहा वेळा पळाली, पाचव्या क्रमांकाच्या वर कधी आली नाही आणि त्याबद्दल तिला कधी वाईट वाटलेलं कुणी पाहिलं नाही. गुडघे बोलायला लागले तेव्हा ती पळणं सोडून टेबलामागे बसली आणि फेऱ्या मोजायला लागली. प्रत्येक बाईच्या नावापुढे प्रत्येक फेरीची एक काडी. काडी चुकली तर सगळी शर्यत चुकली. पाटी बदलायला आणि शेवटच्या फेरीची घंटा वाजवायला तिला कुणीतरी हवं होतं.

“वहिनी, तुझा घसा तिकडे कामाला येईल,” ती म्हणाली होती. “इथे नुसता माझ्या भावावर खर्च होतोय.”

त्याला एकोणीस वर्षं झाली. नणंद कागदावर काडी मारून म्हणायची, “उरल्या चौदा.” वहिनी चौदाची पाटी लावायची. सगळ्यात पुढची बाई शेवटच्या फेरीला लागली की वहिनी घंटा वाजवायची. घंटा पितळेची, जुन्या बसडेपोतली, पाळी बदलताना वाजायची ती. डेपोत भोंगा आला तेव्हा बाईंनी रीतसर अर्ज करून ती मिळवली होती. तिचा आवाज मैदानाच्या पलीकडच्या वळणावरही स्पष्ट ऐकू जाई आणि पळणारीच्या पायांत वीज भरे.

मग मैदानाच्या समितीनं एक सल्लागार नेमला. वार्षिक स्पर्धा मोठी करायची, टीव्हीवर आणायची, चेंडूच्या खेळांना जाणारी गर्दी इकडे वळवायची, हे त्याचं काम. तो प्रत्येक वाक्याला एक तक्ता दाखवायचा म्हणून बाईंनी त्याचं नाव तक्तेवाला ठेवलं आणि आठवड्याभरात मैदानाच्या माळ्यापर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. माणूस वाईट नव्हता. हुशार होता, वेळेवर यायचा, सगळ्यांना हसून बोलायचा.

बैठक प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या खोलीत होती. कोपऱ्यात अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे एकावर एक रचलेले, भिंतीला ओल, पंखा नावापुरता. तक्तेवाल्यानं भिंतीवर एक लाल रेघ दाखवली.

“शंभर मीटरला स्टँड भरलेला. उंच उडीला भरलेला. आणि ही पंचवीस फेऱ्यांची शर्यत सुरू झाली की निम्मी माणसं उठतात. हे बघा, स्वच्छतागृहापुढची रांग आम्ही मोजली आहे. याला आम्ही गळती म्हणतो.”

“शब्द अगदी बरोबर निवडलात,” नणंद म्हणाली.

हशा झाला, पण रेघ खालीच होती. चाळीस मिनिटं गोल गोल पळणाऱ्या बायका बघायला कुणाला वेळ नाही, ही शर्यत काढून टाकू, असं त्याचं म्हणणं.

बाई उठल्या. “लोक उठतात, कारण कोण पळतंय हे त्यांना कुणी सांगत नाही. माझी बस तीन तास जायची. सकाळी अनोळखी म्हणून चढलेल्या बायका उतरताना एकमेकींच्या सुनांचे स्वभाव सांगत असायच्या. एकसुद्धा मधे उठून गेली नाही.”

“चालत्या बसमधून कुठे जाणार त्या?” तक्तेवाला म्हणाला.

या वेळी हशा मोठा झाला. बाईंच्या कानशिलांना आग लागली. एकोणीस वर्षं त्या ज्या बायकांच्या फेऱ्या मोजत होत्या त्या बायकांना हा माणूस स्वच्छतागृहाच्या रांगेत मोजत होता, आणि समिती हसत होती.

“मला माईक द्या. मी बसवून दाखवते माणसं.”

“माईकवर त्या वेळी प्रायोजकांची नावं वाचायची असतात. विजेच्या फलकावरही त्यांच्याच जाहिराती.”

अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. या वर्षी शर्यत होईल. स्टँड अर्धा रिकामा झाला, तर पुढच्या वर्षीपासून बंद.

त्या दिवशी घरी बाई गप्प होत्या. ड्रायव्हरभाऊंनी दोनदा चहा केला, कारण या बाईचं गप्प बसणं त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

“घंटा दे ना,” शेवटी ते म्हणाले. “मग हलता येईल.”

“मला कापडाची गुंडाळी हवी आहे. जुन्या बसची. रुळांसकट.”

दुसऱ्या दिवशी ते डेपोच्या भंगारातून गुंडाळी घेऊन आले. बाईंनी थांब्यांच्या नावांवर काळा रंग फासला आणि पांढऱ्या रंगानं वर नवीन ओळी लिहायला घेतल्या. चोवीस ओळी, प्रत्येक फेरीनंतर दाखवायची एक, आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला उरलेल्या फेऱ्यांचा आकडा. महिनाभर कापड बाहेरच्या खोलीत पसरलेलं होतं आणि ड्रायव्हरभाऊ स्वतःच्या घरात भिंतीला पाठ घासत चालत होते. माहिती मिळवणं बाईंना जड नव्हतं. सरावाला येणाऱ्या पंधराजणींना त्यांनी एकेक करून गाठलं आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला विचारावं तसं सगळं विचारून घेतलं.

नणंदेला हे पसंत नव्हतं. “शर्यत आहे वहिनी. आपण काय स्थळ बघायला आलोय?”

“स्थळ बघायला माणसं चाळीस मिनिटं बसतात की नाही?”

“बरं. पण मी आकडा सांगितल्याशिवाय दांडा फिरवायचा नाही.”

“आकडा कापडावर लिहिलाय. पुढची बाई रेषेवर आली की फिरवायचा. तुला ओरडायची गरजच नाही आता.”

नणंद रागावली की ‘तुम्ही’वर यायची. “ठीक आहे. तुम्ही तुमचं कापड बघा, मी माझा कागद बघते.”

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मैदानावर रंगीत धूर सोडला, कर्णे वाजले, शंभर मीटर झाली आणि टाळ्या पडल्या. मग पंधरा बायका पंचवीस फेऱ्यांसाठी रेषेवर उभ्या राहिल्या आणि माणसं ठरल्याप्रमाणे उठायला लागली. तेवढ्यात पहिली फेरी पुरी झाली आणि टेबलाशेजारी लाकडी चौकटीत बसवलेली गुंडाळी फिरली.

‘उरल्या २४. पांढरी टोपी: बेकरीत पीठ मळते. हात बघा, कोपरापर्यंत चटके.’

जिन्यावरची दोन-चार माणसं थांबून हात बघायला लागली. दीड मिनिटानं पुढची ओळ आली.

‘उरल्या २३. पिवळा बनियन: टपाल वाटते. लिफ्ट बंद असताना तुमच्या चौथ्या मजल्यावर कोण आलं होतं? हीच.’

कुणीतरी ओळ मोठ्यानं वाचली. पुढची ओळ दहाजणांनी वाचली.

‘उरल्या २२. सगळ्यात मागे, हिरवा बनियन: दोन मुलं, एक सासू. तिघंही स्टँडमध्ये आहेत.’

सगळा स्टँड माना वळवून सासू शोधायला लागला. एक म्हातारी उभी राहिली आणि “पळ गं, घरचं मी बघते,” असं खणखणीत म्हणाली, तशी हिरव्या बनियनवालीनं पळता पळताच डोळे पुसले. त्यानंतर जिन्यावर कुणी उरलं नाही. पुढची ओळ दीड मिनिटानं येणार आणि तोवर आधीच्या ओळीतली बाई शोधून तिच्याकडे बघायचं, असा लोकांना नादच लागला. तक्तेवाला कठड्यापाशी येऊन रिकाम्या जिन्याकडे बघत उभा राहिला. बाईंनी ते पाहिलं आणि मुद्दाम त्याच्याकडे पाठ केली.

दहा फेऱ्या उरल्या असताना निळ्या चड्डीतली वकीलबाई पोटरी धरून बाजूच्या गवतावर बसली. तिची शर्यत संपली. पुढची ओळ नेमकी तिची होती. ‘उरल्या ९. निळी चड्डी: वकील. हार मानणं हिच्या धंद्यात बसत नाही.’

सगळ्यात पुढे असलेली पांढरी टोपी रेषेवर आली. बाईंचा हात दांड्यावर होता. गवतावर रडत बसलेल्या बाईपुढे ही ओळ दाखवायची कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. उतारू उतरून गेला होता. हातानं आपली जुनी सवय पाळली आणि दांडा एकदम दोनदा फिरला. वर आठची ओळ आली. नणंद फुगून कागदात तोंड घालून बसली होती, तिनं मान वर केली नाही. विजेच्या फलकावर साबणाची जाहिरात होती. नऊ कुठे गेले, हे मैदानावर कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यानंतर कापड एका फेरीनं पुढे धावत राहिलं. आठ, सात, सहा. पांढरी टोपी पहिली, तिच्यामागे तिघी, टपालवाली पाचवी. कापडावर एक आला. बाईंनी दोन्ही हातांनी घंटा उचलली आणि मनसोक्त वाजवली.

पांढऱ्या टोपीनं वळणावर असा वेग घेतला की स्टँड एकदम उभा राहिला. सगळा. अध्यक्षसुद्धा. मागच्या तिघी तिच्यामागे सुटल्या. टपालवालीनं मात्र वेग वाढवला नाही. ती जिने मोजत चढणारी बाई, फेऱ्याही मनात मोजायची. चुकीच्या पत्त्यावर आल्यावर माणूस बघतो तसं तिनं घंटेकडे बघितलं आणि आपल्याच चालीनं पळत राहिली.

“वहिनी,” नणंद हळू म्हणाली. “हे काय वाजवलंस?”

“शेवटची.”

“दोन उरल्यात.” नणंदेचं बोट कागदावर होतं. काड्या स्वच्छ होत्या.

बाईंनी कापडाकडे पाहिलं, गवतावरच्या वकीलबाईंकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. सव्वा मिनिटात पांढरी टोपी रेषेवर येणार होती. ज्यासाठी महिनाभर जमिनीवर वाकून अक्षरं काढली ते डोळ्यांसमोर होतं, एकही माणूस बसलेला नव्हता. गप्प बसलं तर शर्यत वाचत होती. चोवीसच फेऱ्या होणार, हे फक्त एका कागदाला माहीत होतं आणि तो कागद घरच्या माणसाच्या हातात होता. नणंदेनं पेन खाली ठेवलं होतं. ती वहिनीकडे बघत होती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी एका म्हाताऱ्याला चुकून एक थांबा आधी उतरवलं होतं. भर उन्हात पिशवी घेऊन उभा राहिलेला तो म्हातारा मागच्या काचेतून त्यांना लहान लहान होताना दिसला होता, आणि तो अजून डोळ्यांसमोरून गेला नव्हता.

त्या घंटा घेऊन सरळ पळण्याच्या पट्ट्यात उतरल्या. माईक नव्हता, त्याची गरजही नव्हती.

“यानंतर एक फेरी उरली आहे. घंटा चुकली. चूक माझी आहे. अजून एक.”

आवाज पलीकडच्या वळणापर्यंत गेला, पण पांढऱ्या टोपीच्या कानांत फक्त स्टँडचा जल्लोष होता. त्या पुन्हा घंटा वाजवत राहिल्या आणि बोटानं एक दाखवत राहिल्या. पांढरी टोपी छाती पुढे काढून, हात उचलायच्या बेतात रेषेवर आली, तर समोर फीत नव्हती, घंटेवाली बाई होती.

“बाई, काय केलंत हे,” एवढंच ती म्हणाली आणि पुढे पळाली. पण पाय आधीच्या फेरीत संपले होते. टपालवालीनं एकेकीला गाठलं, शेवटच्या वळणावर तिलाही मागे टाकलं आणि ती जिंकली. पांढरी टोपी चौथी आली. स्टँड शेवटपर्यंत उभा होता.

बाई तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. “माझ्यामुळे गेली तुझी शर्यत. तुझं काही चुकलं नाही.”

ती मान वर न करता म्हणाली, “मी जिंकले होते.”

“नव्हतीस. जिंकली असतीस.”

याहून गोड काही त्यांना बोलता आलं नाही. मुख्य पंचांच्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं की घंटा आपण एक फेरी आधी वाजवली. खाली सही केली आणि घरी जाऊन पोटभर रडल्या.

आठवड्यानं त्याच खोलीत बैठक झाली. बाईंना वाटलं होतं, आता घंटाही जाणार आणि शर्यतही. तक्तेवाला मात्र खुशीत होता. त्याच्या नव्या तक्त्यावर लाल रेघ पहिल्या घंटेपाशी जी वर गेली होती ती खाली आलीच नव्हती.

“शंभर मीटरलाही एवढी वर नव्हती,” तो म्हणाला. “शर्यत ठेवू. अगदी मुख्य वेळेला ठेवू. फक्त दर वर्षी दोन घंटा. आधी खोटी, मग खरी. कुठल्या फेरीला खोटी वाजेल ते पळणाऱ्यांना माहीत नसेल. लोक वेडे होतील.”

समितीच्या माना हलायला लागल्या.

“घंटा एकदाच वाजेल,” बाई म्हणाल्या.

“बाई, चूक तुमचीच होती. मी तिचं सोनं करतोय.”

“माझी होती ना? मग तिचं सोनं करायचं की माती, ते मी ठरवीन. त्या घंटेवर विश्वास ठेवून एका मुलीनं होते नव्हते ते पाय खर्चले. आता दर वर्षी एकीला असं मुद्दाम एक थांबा आधी उतरवायचं, आणि लोकांनी टाळ्या पिटायच्या? माझ्या हातून होणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हातून करायचं असेल तर घंटा दुसरी आणा. ही माझी आहे.”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “बाई, जरा हळू बोला.”

ते बोलायला नको होतं. पुढचं सगळं माळ्यानं बाहेर बागेत ऐकलं.

तक्तेवाल्यानं शांतपणे कागद गोळा केले. “मग ही शर्यत माझ्या कार्यक्रमात बसत नाही.”

“नका बसवू. तुमचा कार्यक्रम होऊ द्या, कॅमेरे उचला, लोकांना घरी जायला सांगा. त्यानंतर आम्ही पळू. राहील तो राहील.”

“मैदान सहापर्यंत उघडं असतं,” नणंद कागदावरून नजर न काढता म्हणाली. “मी माळ्याला विचारून ठेवलंय.”

पुढच्या वर्षी कार्यक्रम साडेचारला संपला. निवेदकानं आभार मानले, संगीत वाजलं, कॅमेरे पेट्यांत गेले. माणसं उठली, पिशव्या उचलल्या, जिने भरले. रेषेवर सोळा बायका येऊन उभ्या राहिल्या. बाईंनी ओळी नव्यानं लिहिल्या होत्या, पण आकडे काढून टाकले होते. आकडा आता नणंद सांगणार आणि त्यानंतरच दांडा फिरणार, ही नणंदेची अट होती आणि ती ‘तुम्ही’ न म्हणता घातलेली होती. आणखी एक ओळ जास्तीची होती, शर्यतीच्या आधी दाखवायची. बाईंनी ती वर आणली.

‘घंटेजवळची बाई: मागच्या वर्षी एक फेरी आधी वाजवली. आज बघा काय करते.’

जिन्यावर कुणीतरी मोठ्यानं वाचलं आणि हसलं. हसू पसरत वर गेलं. निम्मी माणसं गेली. निम्मी पिशव्या पायांशी ठेवून पुन्हा बसली. तक्तेवाला बॅग खांद्याला लावून दाराशी उभा होता, तो तिथंच उभा राहिला.

पांढऱ्या टोपीनं नाव दिलंय का, हे विचारायचं बाईंना वर्षभर धाडस झालं नव्हतं. ती आली होती. टेबलाकडे न बघता आपल्या जागेवर उभी राहिली आणि पहिल्याच फेरीला पुढे गेली. दहाव्या फेरीला तिची ओळ आली.

‘पांढरी टोपी: मागच्या वर्षी चौथी. दोष तिचा नव्हता.’

तिनं ती वाचली की नाही, कळलं नाही. टपालवाली तिच्या खांद्याशी होती. फेऱ्या उतरत गेल्या, नणंद काड्या मारत गेली, स्टँड ओळी वाचत गेला. चोविसावी फेरी पुरी करत दोघी सरळ रस्त्याला लागल्या तेव्हा बाईंनी घंटा उचलली आणि धरून ठेवली.

“उरली एक,” नणंद म्हणाली.

बाईंनी वाकून स्वतः काड्या मोजल्या.

रेषेच्या वीस पावलं अलीकडे पांढऱ्या टोपीनं पळता पळता मान वळवली. वर्षभरात पहिल्यांदा ती टेबलाकडे बघत होती. तिनं एक बोट वर केलं आणि भुवया उंचावल्या.

बाईंनी ‘हो’ म्हणून मान हलवली. मग त्यांनी घंटा वाजवली, आणि ती पळाली.